चार पंजे आणि एक बोट: वाचाघाताचा इतिहास आणि बहुभाषक भारत

11 एप्रिल 1861. पॅरिसच्या दक्षिणेस असलेल्या बिसेत्र रुग्णालयात 51 वर्षांच्या एका रुग्णाला शस्त्रक्रिया विभागात हलवण्यात आले. त्याचा उजवा पाय सुजून सडू लागला होता आणि उजवा हातही कित्येक वर्षांपासून लुळा होता. रुग्णालयातील जुनी मंडळी मात्र त्याला ओळखत होती ती वेगळ्याच कारणाने. काहीही विचारले तरी त्याच्या तोंडून एकच अक्षर बाहेर पडे, तेही बहुधा दोनदा: ‘तान, तान’. लोकांनी त्याचे नावच तान ठेवून दिले होते.

शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांनी त्याला अनेक प्रश्न विचारले. त्यांतला एक असा, की या रुग्णालयात येऊन त्याला किती वर्षे झाली. रुग्णाने आपल्या धडक्या डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडून दाखवला आणि अखेरीस एक बोट पुढे केले. चार पंजे म्हणजे वीस, वर एक. उत्तर अचूक होते. त्याला तेथे एकवीस वर्षे झाली होती. दुसऱ्या दिवशी ब्रोकांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेच उत्तर मिळाले. तिसऱ्यांदा विचारला तेव्हा आपली परीक्षा घेतली जात आहे हे त्या रुग्णाच्या ध्यानात आले आणि तो संतापला. त्या संतापात त्याच्या तोंडून देवाच्या नावाची एक फ्रेंच शिवी स्पष्ट बाहेर पडली. ‘तान’पलीकडे त्याला उच्चारता येत होते ते एवढेच.

17 एप्रिलला तो वारला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकांनी त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र परिषदेपुढे ठेवला. डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात, मेंदूचा अंश नष्ट झालेला होता. आणखी काही रुग्णांचे मेंदू तपासल्यावर 1865 मध्ये ब्रोकांनी असे मांडले, की बोलण्याची क्रिया बहुतांश माणसांत मेंदूच्या डाव्या गोलार्धाकडे असते. मेंदूच्या विशिष्ट भागांकडे विशिष्ट कामे असतात या विचाराला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. मेंदूतील त्या जागेला आजही ब्रोकांचे नाव आहे.

रुग्णाचे नाव मात्र दीडशे वर्षे अर्धवटच राहिले. ब्रोकांच्या टिपणात केवळ ‘लबोर्न’ असे आडनाव होते. 2013 मध्ये पोलंडमधील अभ्यासक चेझारी डोमान्स्की यांनी फ्रान्समधील जुन्या नोंदी धुंडाळून त्याचे पूर्ण नाव शोधले. लुई व्हिक्टर लबोर्न. शाळामास्तरांचा मुलगा, व्यवसायाने पादत्राणांसाठी लाकडी साचे करणारा कारागीर. लहानपणापासून त्याला अपस्माराचे झटके येत आणि तिशीत त्याची वाचा गेली. पाठ्यपुस्तकांतून डॉक्टरांच्या पिढ्यान् पिढ्यांना ठाऊक असलेला हा माणूस ‘तान’ या एका अक्षरापलीकडे कोण होता, हे कळायला इतका काळ लागला.

या लेखाचा विषय आहे तो मेंदूतील त्या जागेइतकाच लबोर्नच्या पंजाचा. शब्द नाहीसे झाले तरी आतला माणूस गणित करत होता, आठवत होता, आपल्याला कोणी बनवत आहे हे ओळखून रागावत होता. वाचाघाताच्या पुढच्या सगळ्या इतिहासात, युरोपात काय आणि आपल्या देशात काय, हाच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. ज्याचे शब्द गेले, त्याच्या आत माणूस शाबूत आहे हे ओळखायचे कसे, आणि ते कोणत्या भाषेत तपासायचे?

■ वाचाघात म्हणजे नेमके काय

‘अफेझिया’ हा शब्द 1864 मध्ये फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांनी रूढ केला. मराठीत त्यासाठी ‘वाचाघात’ हा शब्द वापरतात. पक्षाघात, डोक्याला मार, मेंदूतील गाठ किंवा संसर्ग यांमुळे भाषेचे काम करणाऱ्या मेंदूच्या भागांना इजा झाली, की बोलणे, समजणे, वाचणे आणि लिहिणे यांपैकी काही किंवा सर्व क्षमता कमीअधिक प्रमाणात जातात. त्यालाच वाचाघात म्हणतात.

आपल्या बोलीत या अवस्थेला ‘वाचा बसली’, ‘वाचा गेली’, ‘जीभ लुळी पडली’ असे अनेक प्रयोग आहेत. पण त्यांत निरनिराळ्या गोष्टी एकत्र मिसळतात. जिभेचे व ओठांचे स्नायू दुबळे झाल्याने उच्चार अडखळणे वेगळे. अशा माणसाला लिहून व्यवस्थित सांगता येते. वाचाघातात जीभ धडधाकट असूनही शब्दच सापडत नाही, आणि हाती लेखणी दिली तरी बहुधा तोच अडथळा तेथेही येतो.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांनी या अवस्थेची नोंद घेतलेली आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचा अध्याय आहे. त्यात पक्षवधाचे वर्णन करताना शरीराची उजवी किंवा डावी बाजू निश्चेष्ट होते, वेदना होतात आणि वाक्स्तंभ होतो, असे सांगितले आहे. अंग लुळे पडणे आणि वाचा थांबणे यांची जोडी रुग्णाजवळ बसून पाहणाऱ्या वैद्याच्या नजरेतून सुटली नव्हती. मात्र उजवी आणि डावी बाजू तेथे एकाच ओळीत, समान दर्जाने येतात. वाचा जाते ती प्रामुख्याने उजवे अंग लुळे पडते तेव्हा, म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या बाजूला असते तेव्हा, हे लक्षात यायला शवविच्छेदनाची आणि नोंदी ताडून पाहण्याची एकोणिसाव्या शतकातील पद्धत यावी लागली. फ्रान्समधील मार्क डॅक्स या वैद्याने 1836 मध्येच आपल्या रुग्णांवरून तसा निष्कर्ष काढला होता. परंतु तो प्रसिद्ध झाला त्याच्या मुलाच्या प्रयत्नाने, 1865 मध्ये.

1874 मध्ये कार्ल व्हेर्निके या अवघ्या 26 वर्षांच्या जर्मन डॉक्टरने चित्राची दुसरी बाजू दाखवली. त्याच्या रुग्णांचे बोलणे थांबलेले नव्हते. ते अस्खलित बोलत. चढउतार, लय सारे जागच्या जागी असे. पण शब्द चुकीचे किंवा अर्थहीन असत आणि समोरच्याचे बोलणे त्यांना उमगत नसे. असा रुग्ण आजही अनेकदा वेडा ठरतो. काल रात्रीपर्यंत व्यवहार नीट पाहणारा माणूस सकाळी उठून असंबद्ध बोलू लागला, की घरच्यांना बाहेरची बाधा आठवते, शेजाऱ्यांना मानसोपचार आठवतो, आणि पक्षाघातावरील उपचारासाठी मोलाचे असलेले पहिले काही तास हातचे जातात. हातपाय चालत असल्यामुळे हा पक्षाघात असू शकेल, अशी शंकाही कोणाला येत नाही.

याच काळात इंग्लंडमधील ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी आणखी एका विरोधाभासाकडे लक्ष वेधले. विचारपूर्वक एक वाक्य रचू न शकणारा रुग्ण शिवी देऊ शकतो, अंगवळणी पडलेले उद्गार काढू शकतो, पाठ केलेले म्हणू शकतो. लबोर्नची शिवी त्याच जातीची होती. आपल्या घरांत हे दृश्य वेगळ्या रूपात दिसते. पाणी मागता न येणारे आजोबा आरतीच्या वेळी टाळ्या वाजवत सगळ्यांबरोबर शब्द म्हणतात. बेचे पाढे सुरू करून दिले तर पुढचे आपोआप येतात. घरच्यांना वाटते, ‘आरती म्हणता येते, मग साधे बोलायला काय झाले? मुद्दाम करताहेत.’ वास्तविक रुळलेली वाणी आणि नव्याने रचायची वाणी यांचे मेंदूतील मार्ग काही अंशी वेगळे आहेत. आरती येते म्हणून वाक्य यायलाच हवे, असे मुळीच नाही.

■ हाताची खूण आणि कायदा

वाचा नसलेल्या माणसाचे म्हणणे खरे मानायचे की नाही, हा प्रश्न केवळ रुग्णालयाचा नाही. तो न्यायालयाचाही आहे, आणि आपल्या देशात तो फार लवकर उपस्थित झाला. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यातील कलम 119 असे सांगत होते, की बोलू न शकणारा साक्षीदार लिहून किंवा खुणांनी, समजेल अशा कोणत्याही रीतीने साक्ष देऊ शकतो. आणि भर न्यायालयात दिलेली अशी साक्ष तोंडीच मानली जाईल.

1885 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठापुढे ‘क्वीन एम्प्रेस विरुद्ध अब्दुल्ला’ हा खटला आला. गळा चिरला गेल्यामुळे एका तरुणीला बोलता येत नव्हते, पण ती शुद्धीवर होती. विचारलेल्या प्रश्नांना तिने हाताच्या खुणांनी उत्तरे दिली आणि नंतर ती मरण पावली. त्या खुणा मृत्युपूर्व जबानी म्हणून ग्राह्य आहेत काय? प्रश्न आणि त्याला मिळालेली खूण एकत्र घेतली तर ते कथनच ठरते, असा निर्णय न्यायालयाने बहुमताने दिला. भारतातील वकिलीचे विद्यार्थी हा खटला आजही अभ्यासतात.

त्या तरुणीचा मेंदू शाबूत होता. इजा गळ्याला होती. वाचाघाताची गोष्ट याहून अवघड आहे. तेथे कधी ‘होय’ म्हणायचे असताना मान ‘नाही’ अशी हलते आणि रुग्णाला स्वतःलाच त्याचा त्रास होतो. मूकबधिरांची सांकेतिक भाषा वापरणाऱ्या माणसांच्या डाव्या मेंदूला इजा झाली तर त्यांच्या खुणांनाही वाचाघात होतो, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनातून स्पष्ट झाले. म्हणजे मेंदूच्या लेखी भाषा ही भाषाच असते, मग ती जिभेने बोललेली असो वा हाताने. तरीही 1872 आणि 1885 यांनी घालून दिलेले तत्त्व मोलाचे आहे. माणूस बोलत नाही एवढ्यावरून त्याला सांगायचे काही नाही, असे ठरवता येत नाही. विचारण्याची रीत बदलणे हे विचारणाऱ्याचे काम आहे.

■ कोणती भाषा आधी परतते?

आतापर्यंत सांगितलेल्या युरोपीय इतिहासात एक गृहीत दडलेले आहे. तपासणारा आणि तपासला जाणारा एकच भाषा बोलतात. फ्रेंच रुग्ण, फ्रेंच डॉक्टर. जर्मन रुग्ण, जर्मन डॉक्टर. ज्याला दोन-तीन भाषा येतात त्याचे काय?

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी 1881 मध्ये स्मृतीच्या विकारांवर पुस्तक लिहिले. जुन्या, लहानपणी रुजलेल्या गोष्टी सर्वांत चिवट असतात, हे त्यांचे सूत्र भाषांना लावले तर मातृभाषा आधी परतायला हवी. 1895 मध्ये आल्बेर पित्र यांनी बहुभाषक रुग्णांचा अभ्यास करून वेगळे सांगितले. आजारापूर्वी जी भाषा रोजच्या वापरात होती ती आधी परतते, मग ती मातृभाषा असो वा नसो. पुढील शंभर वर्षांत दोन्ही सूत्रांना अनुकूल आणि प्रतिकूल अशी कितीतरी उदाहरणे जमा झाली. बहुतेकांच्या सर्व भाषा साधारण बरोबरीने सुधारतात. काहींच्या मात्र चक्रावून टाकणाऱ्या रीतीने.

कॅनडातील मिशेल पारादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये नोंदवलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. मोरोक्कोत राहणारी एक फ्रेंच जोगीण अपघातानंतर वाचाघाताने ग्रस्त झाली. तिला फ्रेंच आणि अरबी दोन्ही येत. बरी होताना एखाद्या दिवशी तिला अरबी जमे आणि फ्रेंच अडे. दुसऱ्या दिवशी नेमके उलट. त्याहून नवल म्हणजे ज्या दिवशी एखाद्या भाषेत तिला आपणहून बोलता येत नसे, त्याच दिवशी ती त्या भाषेत भाषांतर करू शके. म्हणजे भाषा पुसली गेलेली नव्हती. तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मधूनमधून बंद होत होती. पुढे पारादींनी द्विभाषकांसाठी वाचाघाताची चाचणी तयार केली आणि तिची रूपे जगातील अनेक भाषांत सिद्ध झाली.

युरोप-अमेरिकेतील वैद्यकाने बराच काळ बहुभाषक रुग्णाकडे अपवाद म्हणून पाहिले. आपल्याकडे तो अपवाद नाही. 2011 च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे 26 टक्के लोक किमान दोन भाषा जाणतात आणि सुमारे 7 टक्के लोक तीन. सोलापुरातील एखाद्या विणकराची कल्पना करा. घरात तेलुगू, गल्लीत आणि शाळेत मराठी, बाजारात कन्नड, चित्रपटांमुळे आणि प्रवासामुळे हिंदी. त्याला पक्षाघात झाला आणि डॉक्टरांनी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आले नाही, तर त्याची भाषा गेली असे म्हणायचे, की मराठी गेली असे म्हणायचे? आणि पत्नीशी तो तेलुगूत चार शब्द बोलला, ही नोंद कोण करणार?

■ भारतातील अभ्यासाची वाट

स्वतंत्र भारतात मेंदूच्या आजारांचे शास्त्र आकार घेऊ लागले ते 1950 च्या आसपास. वेल्लोर येथे जेकब चांडी यांनी 1949 मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियांचे काम सुरू केले आणि 1951 मध्ये भारतीय मज्जाविज्ञान संघटना स्थापन झाली. जीव वाचवणे हे तेव्हाचे पहिले काम होते. जीव वाचल्यानंतर माणसाने बोलायचे कसे, याचे उत्तर देणारा व्यवसाय 1960 च्या दशकाच्या मध्यात उभा राहू लागला. म्हैसूर येथे केंद्र सरकारची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था सुरू झाली, आणि मुंबईत टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय व नायर रुग्णालय येथेही वाचा-उपचारतज्ज्ञ घडवणारा अभ्यासक्रम सुरू झाला. 1983 मध्ये मुंबईतच अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेची स्थापना झाली.

या नव्या तज्ज्ञांच्या हाती चाचण्या होत्या त्या मात्र परदेशी. उदाहरणादाखल, चित्र पाहून वस्तूचे नाव सांगायला लावणारी साठ चित्रांची एक अमेरिकी चाचणी जगभर वापरली जाते. तिच्यात बीव्हर हा प्राणी आहे, एस्किमोंचे बर्फाचे घर आहे, प्रेट्झेल नावाचे खारे बिस्किट आहे. बीडच्या शेतकऱ्याला किंवा बस्तरच्या आदिवासी स्त्रीला प्रेट्झेलचे नाव आले नाही, तर त्यात मेंदूचा दोष किती आणि चाचणीचा किती? पण नुसती चित्रे बदलून भागत नाही. भाषेची घडण बदलते तसे तिचे मोडणेही बदलते.

इंग्रजीत वाचाघाताचे काही रुग्ण प्रत्यय गाळून तारेच्या भाषेसारखे तुटक बोलतात, आणि हेच अशा वाचाघाताचे वैश्विक लक्षण समजले जाई. इंग्रजीत प्रत्यय गाळला तरी मागे उरतो तो स्वतंत्र शब्द असतो. अनेक भाषांत तसे नसते. मराठीचेच पाहा. ‘झाडाला’ या शब्दातला ‘ला’ गाळला तर ‘झाडा’ उरते, आणि कर्ता म्हणून किंवा नुसते नाव म्हणून ‘झाडा’ उभे राहत नाही. प्रत्यय गाळणे आणि चुकीचा प्रत्यय लावणे यांतले काय घडेल, हे त्या त्या भाषेच्या व्याकरणावर अवलंबून राहते. 1984 मध्ये सुभाष भटनागर आणि हॅरी व्हिटेकर यांनी हिंदी बोलणाऱ्या एका रुग्णाच्या प्रत्ययांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1990 मध्ये लिझ मेन आणि लोरेन ऑब्लर यांनी चौदा भाषांतील अशा रुग्णांच्या कथनांचा मोठा संग्रह प्रकाशित केला. त्यात हिंदीही होती. इंग्रजीवरून बांधलेले नियम सर्वत्र लागू पडत नाहीत, हे त्या तुलनेतून ठळकपणे पुढे आले.

लिपीचा प्रश्न वेगळाच. आपल्या लिप्या अक्षरप्रधान आहेत. ‘कि’ हे एक अक्षर डोळ्यांना एकाच घडणीचे दिसते, त्यात व्यंजन आणि स्वर जोडलेले असतात. रोमन लिपीत अक्षरे एकामागून एक सुटी येतात, आणि इंग्रजीत तर लिहिणे एक व वाचणे एक. मेंदूच्या इजेनंतर वाचन हरवते तेव्हा दोन्ही लिप्यांतले वाचन सारखेच हरवते काय? प्रतिभा कारंत यांनी कन्नड व इंग्रजी वाचणाऱ्या रुग्णावरील अभ्यास 1981 मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि पुढे दोन दशके या प्रश्नाचा पाठपुरावा केला. कन्नडच्या घडणीवरून बेतलेली भाषाचाचणीही त्यांनी तयार केली. भारतीय भाषा ही पाश्चात्त्य चाचणीची भाषांतरित आवृत्ती नव्हे, हा त्या सगळ्या कामाचा पाया होता.

■ हैदराबादचे आकडे

गेल्या दशकातील ज्या भारतीय संशोधनाने जगाचे लक्ष वेधले ते हैदराबादचे. तेलुगू, दखनी उर्दू, हिंदी आणि इंग्रजी एकाच रस्त्यावर ऐकू येणाऱ्या या शहरात, निजाम वैद्यकीय विज्ञान संस्थेतील सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता, की द्विभाषकांमध्ये स्मृतिभ्रंशाची सुरुवात एकभाषकांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा झाली. कधीच शाळेत न गेलेल्या रुग्णांतही हा फरक दिसला. कॅनडासारख्या देशांत द्विभाषक म्हणजे बहुधा स्थलांतरित, त्यामुळे तेथे भाषेचा परिणाम कोणता आणि स्थलांतराचा कोणता, हे वेगळे काढणे कठीण जाते. हैदराबादेत दोन भाषा हा पिढ्यान् पिढ्यांचा सहज व्यवहार आहे.

2016 मध्ये याच गटाने पक्षाघात झालेल्या 608 रुग्णांचा अभ्यास मांडला. पक्षाघातानंतर आकलन व विचारशक्ती सामान्य राहिलेल्यांचे प्रमाण द्विभाषकांत 40.5 टक्के होते, तर एकभाषकांत 19.6 टक्के. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते: 10.5 आणि 11.8 टक्के. अधिक भाषा येतात म्हणून वाचाघात टळत नाही, हे या आकड्यांतून स्पष्ट होते. समाजमाध्यमांवर या अभ्यासाचे जे उत्साही सारांश फिरतात, त्यांतून हा अर्धा भाग बहुधा गळतो. शिवाय हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. द्विभाषकता हेच फरकाचे कारण, असे त्यांवरून शपथेवर सांगता येत नाही, आणि त्याबाबत जगभर वाद चालू आहे.

या कामाचे आणखी एक फळ आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने स्मृती, लक्ष, भाषा इत्यादी क्षमता तपासणारा एक चाचणीसंच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत प्रमाणित करण्यात आला; 2020 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्या पाच भाषांत मराठी नव्हती. आठ कोटींहून अधिक लोकांच्या भाषेने याची नोंद घ्यायला हवी.

■ कायद्याच्या पानावर एक शब्द

1995 च्या अपंगत्वविषयक कायद्यात सात प्रकार होते आणि वाचा व भाषेचे अपंगत्व त्यांत नव्हते. वाचाघात झालेल्या माणसाचा हात लुळा असेल तर हाताचे प्रमाणपत्र मिळे. हात चालत असेल आणि शब्द गेले असतील, तर कायद्याच्या दृष्टीने त्याला काही झालेलेच नसे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकार एकवीस केले. त्यात ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ आले आणि व्याख्येत वाचाघाताचा उल्लेख उदाहरण म्हणून स्पष्ट शब्दांत आला. दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता धारण करण्याचा, वारसा मिळवण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा इतरांइतकाच हक्क आहे, असे याच कायद्याचे कलम 13 सांगते.

व्यवहारात या कलमाचे मोल मोठे आहे. सही बदलली म्हणून बँकेत अडणारे खाते, ‘त्यांना आता काही कळत नाही’ असे म्हणून परस्पर होणाऱ्या वाटण्या, उपचाराचा निर्णय रुग्णाला न विचारता घेणारे नातेवाईक, हे सारे वाचाघाताच्या घरांत नेहमीचे आहे. 2011 च्या जनगणनेत बोलण्याचे अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारे 20 लाख नोंदली गेली. वाचाघात झालेले किती, हे त्यातून वेगळे कळत नाही. दुसरीकडे देशात दरवर्षी बारा लाखांहून अधिक लोकांना नव्याने पक्षाघात होतो असा अंदाज आहे, आणि पक्षाघातानंतर ढोबळमानाने चार-पाच जणांतील एकाला तरी वाचाघात होतो असे जगभरातील अभ्यास सांगतात. हैदराबादच्या आकड्यांनुसार प्रमाण कमी धरले, तरी ती संख्या दरवर्षी लाखाच्या घरात जाते.

■ घरात काय करायचे

वाचकहो, यांतील कोणी ना कोणी आपल्या ओळखीचे असते. म्हणून इतिहासातून हाती आलेल्या चार गोष्टी शेवटी मांडतो.

पहिली: चेहरा एका बाजूला ओढला गेला, हात उचलेना, किंवा बोलणे अचानक अडखळले वा असंबद्ध झाले, तर ती तातडीची वेळ आहे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

दुसरी: रुग्णाला कोणत्या भाषा येतात, त्यांतली घरात कोणती, कामावर कोणती आणि वाचनाची कोणती, हे कागदावर लिहून उपचारतज्ज्ञांना द्यावे. कोणत्या भाषेत काय जमते याची नोंद घरच्यांइतकी चांगली कोणालाच ठेवता येणार नाही.

तिसरी: बोलताना आवाज चढवू नये, त्याला ऐकू येते. वाक्य लहान करावे, प्रश्न ‘होय-नाही’त उत्तर देता येईल असा विचारावा, आणि उत्तराची खात्री प्रश्न उलटा विचारून करून घ्यावी. चित्रे, बोटे, घड्याळ, दिनदर्शिका, नकाशा, जे हाताशी येईल ते वापरावे. थांबावे. शब्द शोधायला त्याला जो वेळ लागतो तो आपल्याला वाटतो त्याहून बराच मोठा असतो. मात्र लहान मुलाशी बोलावे तसे बोलू नये, आणि त्याच्यादेखत त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलू नये.

चौथी: सहा महिने झाले, आता जेवढे यायचे तेवढे आले, हा समज खरा नाही. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो हे खरे. परंतु जर्मनीत दीडशेहून अधिक रुग्णांवर केलेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पक्षाघाताला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्यांनाही तीन आठवड्यांच्या सघन वाचा-उपचाराने दैनंदिन संवादात फायदा झाला. असा सघन उपचार आपल्याकडे मोजक्या शहरांतच मिळतो, तोही बहुधा एक-दोन भाषांत, आणि आठवड्याला दहा तासांचा खर्च सामान्य घराला झेपत नाही. जिल्हा रुग्णालयात वाचा-उपचारतज्ज्ञ असणे आणि त्याच्या हाती त्या जिल्ह्याच्या भाषेतील चाचणी असणे, ही मागणी म्हणूनच करायला हवी. कायद्याने 2016 मध्ये वाचाघाताला नाव दिले. त्या नावाने आलेल्या माणसाला त्याच्या भाषेत कोणी काही विचारील, ही व्यवस्था अजून उभी व्हायची आहे.